घरच्या मत्स्यटाकीच्या फिल्टरमध्ये काय भरावे आणि काय भरू नये

नीलजल :

नमस्कार. ठाण्यातल्या आमच्या घरी २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी काचेची टाकी आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ७० लिटर पाणी मावते. पाणी महापालिकेच्या नळाचे आहे. टाकीत गप्पी, काही निऑन टेट्रा आणि चेरी कोळंबी आहेत आणि हवेच्या पंपावर चालणारा एक लहान स्पंज फिल्टर गेले वर्षभर व्यवस्थित काम देतो आहे. आता मासे वाढले आहेत, त्यामुळे टाकीच्या वर बसणारा पेटीचा फिल्टर घरीच करावा असे ठरवले. पेटी, पंप आणि नळ्या यांची जमवाजमव झाली आहे. गाडी अडली आहे ती पेटीत कोणता मीडिया, म्हणजे पाणी ज्यातून गाळले जाते तो भराव, घालायचा यावर.

घरात बऱ्याच गोष्टी उपलब्ध आहेत. मुलाने दापोलीच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आहेत, सोफा दुरुस्त करताना उरलेला फोम आहे, उशीत भरतात ते पांढरे फायबर आहे, भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या आहेत, फुटलेल्या मातीच्या कुंड्या आहेत आणि शेगडीचा लाकडी कोळसाही आहे. दुकानदारांनी सिरॅमिक रिंगा, झिओलाइटचे पांढरट खडे आणि कार्बनचे काळे दाणे घेण्याचा सल्ला दिला. यांपैकी काय निर्धास्तपणे वापरता येईल? खर्चाचा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. जिवंत प्राण्यांच्या पाण्यात आपल्या हातून काही अपायकारक जाऊ नये, एवढीच काळजी आहे.

पाणवठा :

नीलजल, फिल्टरची पेटी ही मुळात जिवाणूंच्या वस्तीची जागा आहे, हे एकदा लक्षात घेतले की आपल्या यादीतल्या बहुतेक वस्तूंचा निवाडा सोपा होतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो आणि विष्ठा व उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिले दोन्ही पदार्थ अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहेत. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्तीच काढून घेते, म्हणून हवेचा पंप जोरात चालू असतानाही मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. ही रूपांतरे करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत राहत नाहीत. ते कोणत्या ना कोणत्या पृष्ठभागाला धरून, पातळ बुळबुळीत थर करून राहतात. हा पृष्ठभाग पुरवणे हेच मीडियाचे मुख्य काम आहे. गाळ अडवणे हे त्याच्या खालोखालचे काम आहे आणि कार्बनसारख्या पदार्थांनी पाण्यातले काही शोषून घेणे हे तर प्रसंगापुरते काम आहे.

एखादी वस्तू या पेटीत अपायकारक ठरते ती तीन वाटांनी. ती स्वतः विरघळते आणि पाण्याचे रसायन बदलते. किंवा कारखान्यात तिच्यावर काही लावलेले असते ते सुटते. किंवा ती कुजते. तिन्ही वाटा बंद असतील तर वस्तू स्वस्त आहे की महाग, दुकानातली आहे की स्वयंपाकघरातली, याने जिवाणूंना काहीही फरक पडत नाही.

दुसरी वाट सर्वांत धोक्याची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि घरगुती चाचणीतही सापडत नाही. सोफ्याच्या फोममध्ये आग लवकर पकडू नये म्हणून रसायने घातलेली असू शकतात, आणि कोणत्या फोममध्ये ती आहेत हे त्याच्याकडे पाहून कोणीही सांगू शकत नाही. शिवाय त्या फोमची छिद्रे एकमेकांना नीट जोडलेली नसतात, त्यामुळे पाणी आरपार जाण्याऐवजी कडेने वाट काढते. उशीच्या फायबरचेही तसेच आहे. साधे, कोणतीही प्रक्रिया न केलेले पॉलिएस्टर निरुपद्रवी असते. परंतु हल्ली उश्या, गाद्या आणि घासण्या यांच्यावर ‘जिवाणूरोधक’ असे अभिमानाने छापलेले असते. त्या प्रक्रियेत चांदीचे सूक्ष्म कण, जस्ताची संयुगे किंवा तत्सम जंतुनाशके वापरतात. जिवाणूंची वस्ती वसवायची आणि तिच्या भिंतींना जंतुनाशक लावायचे, हे एकमेकांच्या मुळावर येणारे काम आहे. म्हणून माझा नियम कडक आहे : ज्या वस्तूवर काय लावले आहे ते ठाऊक नाही, ती चाचणी न करताच बाजूला ठेवावी. सोफ्याचा फोम आणि उशीचे फायबर, दोन्ही नको. दुकानात फिल्टरचा म्हणून मिळणारा पांढरा कापूस प्रत्यक्षात पॉलिएस्टरच असतो. तो अगदी थोड्या पैशांत मिळतो, तोच घ्यावा. खरा कापूस मात्र कधीही घालू नये, कारण तो पाण्यात कुजतो.

प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या मला मनापासून आवडतात. साबण नसलेल्या, स्पंज न जोडलेल्या, जंतुनाशक नसलेल्या आणि आत धातूची तार नसलेल्या घासण्या मीडिया म्हणून उत्तम आहेत. त्यांच्यातून पाणी मोकळे वाहते आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. स्टीलच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त घासण्या गंजतात, त्या घेऊ नयेत. तांब्याच्या किंवा पितळेच्या तर घरात कोळंबी असताना टाकीच्या आसपासही नकोत. तांबे कोळंबी आणि गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही मारक असते, आणि आपल्याकडच्या मृदू पाण्यात त्याची विषारीता अधिकच वाढते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही याच कारणाने पेटीत आधारासाठी वापरू नये.

कुंड्यांचे तुकडे चालतील, पण त्या भाजलेल्या साध्या मातीच्या हव्यात. चकाकी दिलेल्या, रंगवलेल्या किंवा सिमेंटच्या कुंड्या नकोत. चकाकीच्या लेपात शिसे असण्याची शक्यता असते आणि सिमेंटमधला चुना पाण्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा अंक) वर नेतो. ज्या कुंडीत कीटकनाशक मारलेली झाडे होती तिचे तुकडेही नकोत, कारण भाजलेली माती सच्छिद्र असते आणि जे पिते ते लवकर सोडत नाही.

शिंपल्यांचा विषय मोठा आहे. त्यावर रसायनी यांनी लिहावे असे वाटते.

मांडवी :

एक पुरवणी जोडते. आमच्याकडे गोव्यात आणि कोकणात ‘नैसर्गिक म्हणजे सुरक्षित’ या समजुतीने नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फिल्टरमध्ये भरणारे लोक आहेत. दोन्ही गोष्टी वनस्पतिजन्य आहेत आणि कुजणाऱ्या आहेत. घोसाळ्याची जाळी पहिले काही आठवडे छान दिसते, मग तिचे धागे बोटांत धरले तरी शेवाळासारखे तुटू लागतात. कुजताना ती प्राणवायू खाते आणि अमोनियाची भर घालते, म्हणजे ज्या कामासाठी ती आणली त्याच्या बरोबर उलट. काथ्या सावकाश कुजतो, पण पाणी चहासारखे तांबूस करतो, आणि खाऱ्या पाण्यात मुरवलेला असेल तर मीठही सोडतो.

दुसरी गोष्ट प्रवाळाची. मासे पाळण्याच्या पुस्तकांत पीएच वाढवण्यासाठी प्रवाळाचे तुकडे सुचवलेले असतात. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ सापडले तरी उचलू नये, आणि कोणी विकत देऊ केले तरी घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांना संरक्षण आहे. तेच काम कालवांची शिंपले करतात. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळण्यासाठी त्यांचा चुरा मिळतो.

रसायनी :

पाणवठा यांनी माझ्याकडे सोपवलेला भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण घरगुती मीडियामुळे होणारे बरेचसे घोळ या एका रसायनात दडलेले असतात.

शिंपले, संगमरवराचे तुकडे, चुनखडीचे दगड आणि प्रवाळ हे सगळे कॅल्शियम कार्बोनेट आहे. पाणी जितके मृदू आणि आम्लधर्मी, तितके ते अधिक विरघळते, आणि विरघळताना पाण्याचे काठिण्य (जडपणा), क्षारता (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची शक्ती) आणि पीएच वाढवते. पीएच वाढण्याचा अर्थ अमोनियाच्या संदर्भात समजून घ्यावा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया विषारी. तापमान २५ अंश सेल्सिअस आणि पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के भाग मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे अमोनियाचा एक थेंबही न वाढता विष जवळपास दहापट होते. नव्या फिल्टरमध्ये जिवाणू अजून वसलेले नसताना मूठभर शिंपले भरणे म्हणूनच धोक्याचे आहे. दोन संकटे एकाच वेळी येतात.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ठाण्या-मुंबईकडे, जिथे धरणांचे पावसाळी पाणी साधारणतः मृदू असते, तिथे ती विसरता येत नाही. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते पाण्यातली क्षारता खर्च करते. हिशोब असा आहे की अमोनियाच्या रूपातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन पूर्ण नायट्रेटमध्ये बदलायला सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) आणि साडेचार मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू लागतो. यावरून पाहिले तर टाकीतले नायट्रेट प्रतिलिटर ३० मिलिग्रॅमने वाढेपर्यंत प्रतिलिटर जवळपास ४८ मिलिग्रॅम क्षारता संपलेली असते. वनस्पती नायट्रेट घेतात तेव्हा तिच्यातली काही परत मिळते, पण झाडे मोजकी असतील तर हा आधार लहानच. ज्या पाण्यात मुळात ५० मिलिग्रॅमच क्षारता आहे, तिथे पाणी बदलण्याची दिरंगाई झाली की पीएच अचानक कोसळतो. साडेसहाच्या खाली जिवाणूंचे काम मंदावते, अमोनिया साठू लागतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियम रूपात असल्यामुळे मासे वरवर ठीक दिसतात. मग एके दिवशी घरातले कोणीतरी टाकी ‘स्वच्छ’ करण्यासाठी निम्म्याहून जास्त पाणी ताज्या नळाच्या पाण्याने बदलते, पीएच वर येतो, आणि साठलेला अमोनियम विषारी रूपात येतो. दुसऱ्या दिवशी मासे मरतात आणि दोष नळाच्या पाण्याला दिला जातो.

म्हणून माझे मत असे : शिंपले हे मीडिया म्हणून न वापरता औषध म्हणून वापरावेत. आधी क्षारतेची चाचणी करावी. ती प्रतिलिटर ५० मिलिग्रॅमच्या, म्हणजे टाकीवाल्यांच्या भाषेत सुमारे ३ अंशांच्या खाली वारंवार जात असेल, तर जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचे थोडे तुकडे पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवावेत, म्हणजे हवे तेव्हा काढता येतील. निऑन टेट्रा मृदू पाण्यातले मासे आहेत, गप्पी जड पाण्यातही आनंदात राहतात. दोघांना एकत्र ठेवायचे तर मध्यम आणि स्थिर पाणी हवे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलले तर बहुधा शिंपल्यांची गरजच पडणार नाही. केवळ मॉली किंवा मलावी सरोवरातले सिक्लिड पाळणाऱ्यांनी मात्र शिंपले खुशाल भरावेत.

किनाऱ्यावरच्या शिंपल्यांच्या आतल्या वळणांत मेलेल्या प्राण्याचा अंश अडकलेला असतो. ते वापरायचेच असतील तर उकळून, घासून, काही दिवस पाणी बदलत भिजवून मगच घ्यावेत.

गोदाकाठ :

मी नाशिकजवळ राहतो आणि आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. ते इतके जड आहे की बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. नदीच्या पात्रातले काळे दगड आणि खडी-क्रशरवरची बारीक खडी फिल्टरमध्ये घालण्याबद्दल आपले काय मत आहे? आमच्याकडे ती फुकट मिळते. तसेच दगड निर्धोक आहे हे घरी कसे ओळखावे?

पाणवठा :

गोदाकाठ, आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, आणि तो स्वतः पाण्यात विरघळत नाही. अडचण वेगळीच आहे. या खडकाच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइटचे (हेही कॅल्शियम कार्बोनेटच) आणि झिओलाइट गटातल्या खनिजांचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. नाशिक, पुणे, जळगाव या पट्ट्यातले असे स्फटिक संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. काळ्या दगडात पांढरा ठिपका किंवा शीर दिसली तर ती कॅल्साइटची असू शकते. आपले पाणी आधीच जड असल्यामुळे आपल्याला त्याने फारसे बिघडणार नाही, पण मृदू पाण्याच्या टाकीत फरक पडेल. घट्ट बेसाल्टची खडी सुरक्षित असली तरी मीडिया म्हणून हलक्या प्रतीची आहे, कारण ती जड असून तिला छिद्रे नाहीत. सच्छिद्र ज्वालामुखी दगड किंवा प्यूमिस त्याहून चांगले. जांभा मात्र घालू नये. तो पाण्यात झिजून तांबडा गाळ करतो आणि पंपाच्या चक्रात जाऊन बसतो.

ओळखण्यासाठी पहिली चाचणी आम्लाची. दगड कोरडा करावा, त्याच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत आणि डोळा जवळ नेऊन पाहावे. बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. व्हिनेगर सौम्य असल्यामुळे काही दगड, विशेषतः डोलोमाइट, तसेच्या तसे फसफसत नाहीत. त्यांचा थोडा चुरा करून त्यावर थेंब टाकले तर बारीक बुडबुडे दिसतात. लिंबाच्या रसावर विसंबू नये.

दुसरी चाचणी मला अधिक भरवशाची वाटते. एकसारखे दोन प्लास्टिकचे डबे घ्यावेत, दोहोंत एकाच बादलीतले शिळे पाणी समान भरावे आणि एकात धुतलेला मीडिया ओंजळभर घालावा. दोन्ही डबे झाकून आठवडाभर एकाच जागी ठेवावेत. मग दोहोंतल्या पाण्याचा पीएच, काठिण्य आणि क्षारता मोजावी. टीडीएस मीटर असेल तर तेही पाहावे. दुसरा डबा महत्त्वाचा आहे, कारण नुसते ठेवलेले पाणीही थोडे बदलते आणि तुलनेवाचून आकडा निरर्थक असतो. त्यानंतर मीडियाच्या डब्यातले थोडे पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवावे. फेस टिकून राहिला तर साबणासारखे काहीतरी सुटले आहे. पाण्यावर उजेड तिरपा पाडून तेलकट तवंग आहे का ते पाहावे, आणि वास घ्यावा. या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, कीटकनाशक किंवा जंतुनाशक नव्हे. म्हणून विरघळणारा दगड या चाचणीत सापडतो, रसायन लावलेला फोम सापडत नाही. आणि कृपा करून कोणीही ‘एखादा मासा सोडून पाहू’ हा मार्ग धरू नये. मासा काही आठवडे जगतो, पण कल्ले भाजलेले असतात. अशी परीक्षा क्रूर आहे आणि तिचा निकालही खोटा येतो.

रानवाट :

सर्वांचे प्रतिसाद वाचले. तरीही मला वाटते की घासण्या आणि कुंड्यांचे तुकडे हे तात्पुरते उपाय आहेत. चांगल्या सच्छिद्र सिरॅमिक मीडियाच्या एका लिटरमध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असल्याचे उत्पादक सांगतात. त्याच्या आतल्या भागात प्राणवायू नसल्यामुळे नायट्रेटही कमी होते. नीलजल यांना खर्चाची चिंता नाही, तर त्यांनी तेच घ्यावे.

पाणवठा :

रानवाट, तो आकडा प्रयोगशाळेत वायू शोषवून मोजलेल्या सूक्ष्म छिद्रांचा असतो. जिवाणू स्वतः सुमारे एक मायक्रॉन आकाराचे असतात आणि त्यांचा थर त्याहून कितीतरी जाड. अतिसूक्ष्म छिद्रांत ते शिरू शकत नाहीत आणि मध्यम छिद्रे काही महिन्यांत गाळाने बुजतात. शिवाय छिद्राच्या आत अमोनिया आणि प्राणवायू पोहोचायला हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात २८ अंशांच्या पाण्यात संपृक्त अवस्थेतही प्राणवायू प्रतिलिटर आठ मिलिग्रॅमहून कमीच असतो, तो वरच्या थरातच संपतो. राहिला प्रश्न नायट्रेट कमी होण्याचा. त्यासाठी आत प्राणवायूचा अभाव आणि सोबत सेंद्रिय कर्ब दोन्ही लागतात. जोरात वाहणाऱ्या पेटीत दिसण्याजोगा परिणाम क्वचितच मिळतो. सिरॅमिक रिंगा वाईट नाहीत, त्या सुरक्षित आहेत आणि मजबूत आहेत. त्या घेतल्याच तर घासून पाहाव्यात. बोटांना पांढरी भुकटी लागत राहिली किंवा रिंग चिमटीत दाबून तुटली तर तो माल परत करावा. मात्र ७० लिटरच्या टाकीत चांगला जाड फिल्टर-स्पंज जे काम करतो त्याहून त्या वरचढ आहेत असे मी म्हणणार नाही. इंचाला २० ते ३० छिद्रे असलेला स्पंज घ्यावा. त्याहून बारीक लवकर तुंबतो.

रानवाट :

मुद्दा पटला. गाळाने छिद्रे बुजण्याचा विचार मी केला नव्हता. माझ्याकडे रिंगांच्या आधी जाड स्पंज आहे, म्हणून कदाचित मला त्रास झाला नसावा.

नीलजल :

सर्वांचे आभार. फोम, उशीचे फायबर आणि शिंपले बाद केले. कोळसा, कार्बन आणि झिओलाइट यांच्याबद्दल कोणी लिहील का? आणि पेटीला एक फट आहे, ती कशाने भरावी?

रसायनी :

शेगडीचा कोळसा आणि सक्रिय कार्बन या वेगळ्या वस्तू आहेत. सक्रिय कार्बन उच्च तापमानाला वाफेने किंवा रसायनाने प्रक्रिया करून तयार करतात, त्यामुळे त्याची शोषणशक्ती अनेक पटींनी वाढते. साधा लाकडी कोळसा फारसे शोषत नाही, राख मात्र सोडतो, आणि राख अल्कधर्मी असते. वड्यांच्या रूपातल्या कोळशात तर बांधणीचे पदार्थही मिसळलेले असतात. तो घेऊ नये.

सक्रिय कार्बन पाण्याचा पिवळेपणा, वास आणि औषधांचे अवशेष काढतो. अमोनिया, नायट्राइट किंवा नायट्रेट काढत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो साधारण महिनाभरात निकामी होतो. रोज लागणारी ही वस्तू नव्हे. आजारी माशांना औषध दिल्यानंतर ते औषध काढून टाकण्यासाठी म्हणून ती डब्यात राखून ठेवावी. उलट औषध चालू असताना कार्बन पेटीत राहिला तर औषध वाया जाते. वापरण्यापूर्वी काळी भुकटी जाईपर्यंत धुवावा.

झिओलाइट, म्हणजे बाजारात मिळणारा क्लिनोप्टिलोलाइट, अमोनियम खरोखर ओढून घेतो. तातडीच्या प्रसंगी तो उपयोगाचा आहे. त्याची जागा भरली की तो काम थांबवतो, आणि मिठाच्या दाट पाण्यात भिजवल्यास पुन्हा ताजा होतो. याच गुणात धोका आहे. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून कोणी टाकीत मीठ घातले तर पेटीतला झिओलाइट साठवलेला अमोनियम पाण्यात परत सोडू लागतो. आजारी मासे, मीठ आणि अमोनिया एकत्र! त्यामुळे रोजच्या पेटीत तो नको, असे माझे ठाम मत आहे.

फटीसाठी वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन वापरावे. न्हाणीघरासाठीचे, बुरशीरोधक असे लिहिलेले सिलिकॉन वापरू नये. त्यातले बुरशीनाशक पाण्यात उतरते. लावल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, पाहिजे तर आठवडाभर, पेटी कोरडी ठेवावी.

कंदील :

मीडिया सुरक्षित निवडला तरी तो मीडियाच विष ठरण्याचा एक प्रसंग आपल्याकडे वरचेवर येतो, तो म्हणजे वीज जाणे. मी विदर्भातल्या तालुक्याच्या गावी राहतो. उन्हाळ्यात रात्रीच्या रात्री वीज नसते. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी थांबले की दोन-चार तासांत आतला प्राणवायू संपतो. गाळ जितका जास्त तितका लवकर. जिवाणू गुदमरतात, आणि पुढे सडण्याची क्रिया सुरू होते. सकाळी डबा उघडला की सडक्या अंड्यांचा उग्र वास येतो आणि स्पंजच्या घड्यांत काळपट चिकट थर दिसतो. ते पाणी पंप सुरू होताच थेट टाकीत जाते. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल तर फिल्टर आपोआप सुरू होऊ देऊ नये. आतले पाणी फेकून, मीडिया टाकीच्या पाण्यात हलवून मगच सुरू करावा. नीलजल यांची वरची उघडी पेटी या बाबतीत बरी आहे, कारण पंप थांबला की पाणी निथळते आणि ओल्या मीडियाला हवा मिळते. तरीही बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असावा.

नीलजल :

कंदील, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. ठाण्यातही पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे तो पंप घेतेच. आता माझी योजना अशी आहे : पाणी आधी जाड स्पंजमधून, मग फिल्टरच्या कापसाच्या पातळ थरातून, मग साध्या प्लास्टिकच्या घासण्यांमधून आणि शेवटी भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या तुकड्यांमधून टाकीत परत जाईल. कार्बन कपाटात राहील. ही पेटी लावली की जुना स्पंज फिल्टर काढून टाकू का?

पाणवठा :

अजिबात काढू नये. आपल्या टाकीतली सगळी वस्ती आज त्या स्पंजवर आहे. नव्या पेटीत जिवाणू भरपूर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत दोन्ही एकत्र चालू द्यावेत, आणि वीज जाण्याचा विचार करता तो पुढेही राहू दिला तर उत्तमच. पेटी सुरू करताना जुना स्पंज टाकीच्याच पाण्याच्या बादलीत एकदा पिळावा आणि ते तपकिरी पाणी पेटीतल्या घासण्यांवर ओतावे. टाकी एक दिवस गढूळ दिसेल, पण नव्या पेटीला बियाणे मिळेल. कुंडीच्या तुकड्यांच्या धारदार कडा घासून घ्याव्यात आणि लाल पाणी येणे थांबेपर्यंत ते धुवावेत.

पुढे मीडिया कधीही नळाखाली धरून धुवू नये. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन रोगजंतू मारण्यासाठीच असतो आणि तो आपले जिवाणूही मारतो. पाणी बदलताना जे पाणी काढतो त्याच बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबावा, एवढे पुरे. तो नव्यासारखा दिसेपर्यंत पिळू नये. कापूस तुंबला की फेकावा, कारण त्याचे काम गाळ अडवण्याचे आहे. स्पंज आणि घासण्या एकाच दिवशी कधीही बदलू नयेत. स्पंज जीर्ण झालाच तर निम्मा कापून नवा जोडावा आणि महिन्याने उरलेला निम्मा बदलावा. पहिले दीड महिना आठवड्यातून दोनदा अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. दोन्ही शून्य असतील तरच मासे वाढवावेत, आणि तेही थोडे थोडे. यांपैकी काही दिसू लागले तर खाद्य निम्मे करावे, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने पाव भाग पाणी बदलावे आणि इथे आकडे लिहावेत.

नीलजल :

समजले. जुना फिल्टर राहू देते. रविवारी सिलिकॉन लावते, त्याचा वास गेल्यावर पेटी चढवेन, आणि पहिल्या आठवड्यापासूनचे अमोनिया, नायट्राइट आणि क्षारतेचे आकडे याच धाग्यावर टाकत जाईन.